मराठी नाटक कुणाच्या पगारावर चाललं?

दर दोन-तीन महिन्यांनी एखादी मुलाखत फिरत असते. अमुक एका मुलाने आयटीतली भरपूर पगाराची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ नाटक करायला लागला, मुलाखत घेणारा डोळे मोठे करून विचारतो की घरचे काय म्हणाले, मग आई कशी रडली तो किस्सा, मग पहिल्या बक्षिसाचा किस्सा, आणि शेवटी सगळ्यांना प्रसाद वाटल्यासारखं 'स्वप्नाच्या मागे जा, नोकरी काय कुठेही मिळते'. त्या मुलांबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाहीये, त्यातली काही खरंच कमाल कामं करतात, मी तिकीट काढून बघितलीयेत. माझं भांडण आहे ते या गोष्टीशी. या गोष्टीत नोकरी कायम व्हिलन असते. दहा ते साडेपाचची चक्की, बॉस, लोकल, आणि त्यातून सुटका म्हणजे रंगमंच.

आणि मराठी नाटकाची गेली साठ-सत्तर वर्षं जरा नीट बघितली तर उलटंच दिसतं राव. प्रेक्षकांनी नाटक जगवलं म्हणतात, सरकारने थोडंफार जगवलं म्हणतात, पण सगळ्यात जास्त पैसे या धंद्यात कुणी घातले असतील तर ते बँकांनी, विमा कंपन्यांनी, बेस्टने, कॉलेजांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी, आणि ते त्यांनासुद्धा माहीत नव्हतं. नटाचा पगार ऑफिस देत होतं आणि नट संध्याकाळी सातला तालमीला जात होता. इतका साधा हिशोब आहे.

विषय निघाला की पहिलं नाव येतं डॉ. श्रीराम लागूंचं, आणि यायलाच पाहिजे. कान-नाक-घशाचे सर्जन, परदेशात जाऊन शिकलेले, आफ्रिकेत काम केलेले, आणि १९६९ साली डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात 'नटसम्राट' आलं, पुढचं सगळ्यांना पाठ आहे. पण हे उदाहरण देणारे एक गोष्ट पटकन गिळून टाकतात. जन्म १९२७ चा, म्हणजे नोकरीधंदा सोडला तेव्हा वय एक्केचाळीस-बेचाळीस. आणि त्याआधी पुण्यात पीडीए ही नाट्यसंस्था १९५१ मध्ये सुरू झाली तेव्हापासून, मधला परदेशातला काळ सोडला तर, हा माणूस डॉक्टर असतानाच नाटक करत होता. म्हणजे ज्याला आपण उडी म्हणतो ती जवळजवळ वीस वर्षांच्या तालमीनंतरची आहे. शिवाय सर्जनची डिग्री कुणी काढून घेत नाही, नाटक नाही चाललं तर उद्या पाटी परत लावता येते. आणि 'नटसम्राट' ज्यांनी केलं त्या गोवा हिंदू असोसिएशनच्या कला विभागातली मंडळीसुद्धा आपापले नोकरीधंदे सांभाळूनच नाटकाचं बघायची.

याने लागूंचं मोठेपण कणभर कमी होत नाही, धाडस होतंच ते. पण बावीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या हातात दीड वर्षाचा अनुभव आणि एज्युकेशन लोन आहे, त्याला हे उदाहरण देणं म्हणजे फसवणूक आहे.

दुसरं उदाहरण मात्र कुणी देत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. पीडीएने ते नाटक बंद केलं, मग त्या सगळ्या पोरांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, १९८० मध्ये नाटक युरोपात फिरून आलं, आज जगात कुठेही भारतीय रंगभूमीचं पुस्तक उघडा, घाशीराम असतंच. आता ही माणसं काय करत होती बघा. दिग्दर्शक जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना. नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, ससून आणि बीजे मेडिकलला शिकवत होते आणि पुढेही कितीतरी वर्षं शिकवत राहिले. याच गोतावळ्यातले सतीश आळेकर, ज्यांनी १९७४ मध्ये 'महानिर्वाण' लिहिलं, ते त्याच बीजेमध्ये बायोकेमिस्ट्रीत नोकरीला, आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गेले ते १९९६ मध्ये. म्हणजे मराठीतलं सगळ्यात धाडसी नाटक ज्यांनी उभं केलं त्यातल्या या तिघांनीही ते नोकरी-प्रॅक्टिस चालू ठेवूनच केलं. आणि माझं तर म्हणणं असं की धाडसी होता आलं ते त्यामुळेच. नाटकाला विरोध झाला, संस्थेने हात वर केले, व्यवसायावर पोट असतं तर पुढचं नाटक मिळावं म्हणून गप्प बसावं लागलं असतं. पोट दुसरीकडे होतं म्हणून नाक वर ठेवता आलं.

मुंबईत तेच, फक्त डॉक्टरांच्या जागी क्लार्क. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, अशोक सराफ स्टेट बँकेत, प्रशांत दामले बेस्टमध्ये. भक्ती बर्वे दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, आणि १९७४ पासून आविष्कार या प्रायोगिक नाट्यसंस्थेने ज्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले, ज्याला आपण छबिलदास चळवळ म्हणतो, तो हॉलही शाळेचाच. ही झाली मोठी नावं. त्यांच्या खाली हजारो अशी माणसं आहेत ज्यांची नावं राज्य नाट्य स्पर्धेच्या जुन्या निकालपत्रांच्या बाहेर कुठेच नाहीत. राज्य नाट्य १९५४ पासून चालू आहे, कामगार कल्याण मंडळाची स्पर्धा आहे, आंतरबँक होती, विमावाल्यांची होती, प्रत्येक मोठ्या ऑफिसला स्वतःचं नाट्यमंडळ होतं. मी स्वतः अशाच एका ऑफिसात होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, पण आमच्याकडे स्पर्धेच्या दिवशी ऑन ड्युटी मिळायची, सेटसाठी वेल्फेअर फंडातून पैसे मिळायचे, आणि साहेब पहिल्या रांगेत बसून दुसऱ्या दिवशी सांगायचा की दुसरा अंक लांबला. सहाला फोर्टातून सुटायचं, दादरला वडापाव, सात ते साडेदहा तालीम, शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून डोंबिवली. दमायचो, पण महिन्याच्या शेवटी पगार यायचाच, नाटक पडलं तरी यायचा.

आता कुणी म्हणेल हे सगळं हौशी. व्यावसायिक वेगळं.

ठीक आहे, व्यावसायिकाकडे बघू. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण नट हा एकेकाळी शुद्ध नोकरदारच होता हे आपण विसरलोय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' केलं तेव्हा ते स्वतः रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते, पण त्यानंतर ज्या नाटक कंपन्या उभ्या राहिल्या त्यात नट महिन्याच्या पगारावर असायचा. कंपनीचं बिऱ्हाड, कंपनीची पंगत, कंपनीचा आचारी, गावोगाव फिरायचं पण जेवणाची आणि झोपायची सोय कंपनीची. पगार वेळेवर व्हायचेच असं नाही, कर्जात बुडालेल्या कंपन्यांच्या कहाण्या काय कमी आहेत का, गंधर्व नाटक मंडळीसारखी मंडळीसुद्धा शेवटी कर्जानेच बसली. पण तत्त्व काय होतं, तर नट हा पगारी माणूस. बोलपट आले १९३१-३२ च्या सुमाराला आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्या पटापट मिटल्या, आणि त्यांच्याबरोबर महिन्याचा पगार गेला. मग आली नाईट. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. पूर आला, मॅच आली, मुख्य नटीचा घसा बसला, बुकिंग नाही म्हणून प्रयोग रद्द झाला, तर तुमची नाईट गेली. आपल्याकडे गिग इकॉनॉमी आत्ता आली म्हणतात, नाटकवाले कधीपासून त्यातच आहेत.

म्हणजे क्रम असा लागतो: आधी कंपनीचा पगार होता, तो गेला, मग ऑफिसचा पगार आला आणि त्याच्या जिवावर नाटक पन्नास-साठ वर्षं चाललं, आणि आता तोही चाललाय. मला जे काही म्हणायचंय ते या तिसऱ्या टप्प्याबद्दल आहे. पण नाईटचा हिशोब आधी मांडू, कारण मुलाखतींमध्ये तो कुणीच मांडत नाही.

नाटकाचे प्रयोग आता मुख्यतः शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी. चांगलं चालणारं नाटक असेल तर महिन्याला दहा-बारा प्रयोग लागतात, मधलं असेल तर पाच-सहा. जून-जुलैचा पाऊस, गणपती, परीक्षा, निवडणूक, आयपीएल, प्रत्येकाचा फटका वेगळा. समजा नवीन नट आहे आणि त्याला दोन हजार नाईट ठरली, आणि समजा महिन्याला आठ प्रयोग मिळाले. सोळा हजार. त्याआधी महिना-दीड महिना तालीम झाली तिचे पैसे बऱ्याच ठिकाणी मिळतच नाहीत, मिळाले तर चहा-वडा आणि जाण्यायेण्याचे. आणि नाटक पंचवीस प्रयोगांत बंद पडलं तर सगळंच संपलं, पुन्हा नवीन नाटक, पुन्हा फुकट तालीम. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मेडिक्लेम स्वतःचा. निर्मात्यालाही सगळं दोष देता येत नाही, नाट्यगृहाचं भाडं, पेपरातल्या जाहिराती, बस, सेटचा टेम्पो, बॅकस्टेजची माणसं, आणि तिकिटाचा दर वाढवायला जागा नाही. पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही आणि त्याच्या वर गेलं की आहे, त्यामुळे कितीतरी नाटकं पाचशेलाच अडकून बसतात. प्रायोगिकचं तर बोलायलाच नको. तिथे नट घरून पैसे आणतो.

अपवाद आहेत. प्रशांत दामलेंचा १२,५०० वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ ला झाला, त्यांनी नाटकावर संसार केला आणि झोकात केला. पण एका दामल्यामागे किती जण परत ऑफिसात गेले किंवा मिळेल ते करत राहिले याची यादी कुणी ठेवत नाही, आणि त्यांची मुलाखत घ्यायला कुणी जात नाही.

मग नोकरी सोडलेला नट जगतो कशावर? याचं उत्तर प्रत्येक नाटकवाल्याला माहीत आहे आणि जाहीर बोलत कुणीच नाही. एक तर मालिकांवर. घोडबंदरच्या किंवा फिल्मसिटीच्या सेटवर बारा-बारा तास, पैसे तीन महिन्यांनी, आणि त्यातून शनिवार-रविवार काढून प्रयोग, तोही चॅनेलच्या मर्जीने. म्हणजे नोकरी सोडून दुसरी नोकरी पकडली, फक्त तिला रजा नाही. दुसरं उत्तर, बायकोचा पगार. नवरा 'नाटकाला वाहून घेतलेला' आणि बायको शिक्षिका, नर्स, बँकेत ऑफिसर, घराचा हप्ता तिचा, मुलाची फी तिची, आणि सत्काराच्या वेळी तिला स्टेजवर बोलावून साडी देतात. त्याग कुणाचा आणि शाल कुणाला! आणि हेच उलटं करून बघा, एखादी बाई नोकरी सोडून नाटक करते आणि नवरा घर चालवतोय, तर तिला लगेच 'हौस' म्हणतात. तिला रात्री अकराला तालमीहून घरी जायचं असतं तो प्रश्न वेगळाच.

आणि तिसरं उत्तर, जे मला सगळ्यात जास्त खटकतं, ते म्हणजे वडिलांचा फ्लॅट. कोथरूडला किंवा पार्ल्याला स्वतःचं घर आहे, वडिलांचं पेन्शन चालू आहे, तर मुलाने पाच वर्षं काही नाही कमावलं तरी उपाशी मरत नाही. तो नोकरी सोडतो आणि आपण म्हणतो, वा, काय धाडस. त्याच पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, फायनलला त्याच्यापेक्षा सरस काम केलेला बीडचा किंवा सोलापूरचा पोरगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, मेसचे पैसे भरतो, गावी पैसे पाठवतो, तो नाही सोडू शकत. पुढच्या पाच वर्षांत पहिला नट होतो आणि दुसरा रिकव्हरी एजंट. मग आपण म्हणतो की याच्यात ती आग नव्हती. आग कसली, भाडं होतं! जोपर्यंत नाटक करायची किंमत 'नोकरी सोड' अशी आहे तोपर्यंत रंगमंचावर कोण दिसणार हे घराच्या कागदपत्रांवर ठरणार आहे, आणि मग प्रत्येक दुसऱ्या नाटकात तोच दिवाणखाना, तोच सोफा आणि तेच नवरा-बायको का असतात याचं आश्चर्य वाटून घेऊ नये.

कोविडने हे सगळं उघडं पाडलं. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये थोडी उघडली, परत बंद झाली, आणि नीट उघडली ती २२ ऑक्टोबर २०२१ ला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. दीड वर्षाच्या वर. त्या काळात बॅकस्टेजच्या माणसांसाठी किराणा गोळा करावा लागला. ज्या नटांची चूल चालू राहिली त्यातले बरेचसे असे होते ज्यांच्या घरात कुणीतरी पगारावर होतं.

आता दुसरी बाजू. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांचं काम कच्चं राहतं असं म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य आहे, मी नाकारणार नाही. आठ तास एक्सेलमध्ये डोकं घालून आलेला माणूस सातला तालमीला उभा राहतो तेव्हा त्याचा आवाज लागलेला नसतो, शरीर जड झालेलं असतं, वाचन झालेलं नसतं. दिल्लीला एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, किंवा ललित कला केंद्रात जी मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त हेच करतात त्यांच्या हालचालीत फरक दिसतो. आमच्या ऑफिसच्या नाटकांत तर कितीदा हातांचं काय करायचं तेच कळत नसायचं लोकांना, संवाद म्हणताना खिशात घालायचे. शिवाय व्यावसायिकचे दौरे, आज नाशिक, उद्या औरंगाबाद, परवा नागपूर, आणि मग आठ दिवस गोवा, हे कुठल्याही नोकरीत बसत नाही. लागूंनी १९६९ ला सोडलं ते बरोबरच होतं, त्या भूमिका ऑपरेशन थिएटर सांभाळून झाल्या नसत्या. काही माणसांना सोडावंच लागतं आणि त्यांनी सोडावं.

पण कधी सोडावं? काम आपल्यामागे लागलंय, नोकरीमुळे ते नाकारावं लागतंय, नाकारून नाकारून जीव जातोय, तेव्हा. आपण कामाच्या मागे लागलोय आणि नोकरी सोडली की काम येईल, या आशेवर नाही. निर्माता तुमची नोकरी सुटली म्हणून रोल देत नाही. उलट रिकामा नट दिसला की नाईट कमी बोलतो, हे व्यवस्थापक लोक खाजगीत हसत हसत सांगतात.

आता तो तिसरा टप्पा. पूर्वी हा प्रश्न इतका धारदार नव्हताच, कारण मधली जागा होती. ती मधली जागा संपत चाललीये हा माझा मुख्य मुद्दा आहे आणि यावर कुणी लेख लिहीत नाही. गिरण्या १९८२ च्या संपात गेल्या, लालबाग-परळची कामगार रंगभूमी त्यांच्याबरोबर आटली. बँकांमध्ये २०००-०१ ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आली, लाखभर माणसं बाहेर पडली, त्यात कितीतरी जुने नाटकवाले होते, आणि त्यांच्या जागी नवीन जी भरती झाली तिला टार्गेट आहे, साडेपाचला उठता येत नाही. कचेऱ्यांमध्ये कंत्राटी माणसं, ज्यांना ऑन ड्युटी सोडा, साधी रजाही नाही. आणि आयटीत पगार आहे पण संध्याकाळ नाही. अमेरिकेचा कॉल बरोबर तालमीच्या वेळेला.

त्यातली गंमत बघा. सरकारी नोकर म्हणजे सगळ्यात बांधलेला असं आपण समजतो, पण केंद्र सरकारच्या वर्तणूक नियमांत अधूनमधून केलेल्या साहित्य-कलेच्या कामाला, ड्युटीवर परिणाम होणार नसेल तर, मुभा आहे. रेल्वेत तर कल्चरल कोट्यातून भरतीसुद्धा होते, जागा अगदी थोड्या, पण होते. आणि बीन बॅग आणि टेबल टेनिसवाल्या खाजगी कंपन्यांची ऑफर लेटर वाचा, दुसरीकडे कुठेही पैसे घेऊन काम करायचं नाही, केलं तर काढून टाकू. २०२२ मध्ये मूनलाइटिंगवरून, म्हणजे नोकरी असताना दुसरीकडे काम करण्यावरून, केवढा गोंधळ झाला. तो वाद स्पर्धक कंपन्यांसाठी काम करण्याचा होता, मान्य, पण भीती मात्र सगळ्यांच्याच मनात बसली, रविवारी नाटकाची पाचशे रुपये नाईट घेणाऱ्याच्याही.

म्हणून आजचा मुलगा म्हणतो, एक तर हे नाही तर ते. त्याचा स्वभाव टोकाचा आहे म्हणून तो सोडतो असं नाही, मधलं काही शिल्लकच नाही म्हणून सोडतो. आणि आपण त्याच्या नाइलाजाला स्वप्न वगैरे नाव देऊन टाळ्या वाजवतोय.

झाडीपट्टीकडे बघा जरा, पुण्या-मुंबईवाले बघत नाहीत पण बघायला हवं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, तिकडे दिवाळीनंतर नाटकांचा सीझन लागतो, रात्रभर नाटक, गावोगाव मंडप, बहुतेक कंपन्यांची ऑफिसं वडशाला. धान कापून झालं की नाटक, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सीझन संपला की परत शेती किंवा जे काही असेल ते. २०२३ मध्ये तिथल्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा इकडच्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की असं काही आहे. तिथेही शोषण आहे, सगळं गोड नाही, आता बाहेरचे टीव्ही स्टार आणायचं फॅड आलंय, स्थानिक नटाला त्यांच्यापुढे काहीच मिळत नाही. पण शेती सोडलीस तरच तू खरा नट, असं तिथे कुणी कुणाला म्हणत नाही. वर्षाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींना मान आहे.

तसं काही शहरात करता येईल का? मला वाटतं येईल, आणि त्याला फार क्रांती लागत नाही. नवीन नाटकांना राज्य सरकार प्रयोगामागे अनुदान देतं, ते निर्मात्याला जातं. त्याला अट घाला की नटांशी आणि बॅकस्टेजवाल्यांशी लेखी करार दाखवा आणि तालमीच्या दिवसांचे पैसे दिल्याचं दाखवा, नाहीतर अनुदान नाही. निर्माते ओरडतील, ओरडू दे. सरकारी पैसा घ्यायचा आणि दीड महिना माणसं फुकट वापरायची, हे कुठल्या दुसऱ्या धंद्यात चालतं? नाट्य परिषद १९०५ पासूनची संस्था आहे, निवडणुकीला जेवढा जोर लावतात त्याच्या चौथा हिस्सा जोर किमान नाईट ठरवायला लावला तर बरीच कामं होतील. पन्नाशीनंतरच्या मानधनाची योजना आहे सरकारची, ती चांगलीच आहे, पण म्हातारपणी मानधन देण्यापेक्षा तिशीत कराराचा कागद द्या, मानधनाची गरज कमी लागेल.

आणि कंपन्या. सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्याच्या खर्चातून, झाडं लावतात, मॅरेथॉन करतात. एका वर्षाची बिनपगारी रजा, नोकरी राखून, कलेसाठी. एवढंच. उच्च शिक्षणाला काही ठिकाणी मिळते तशी. पैसे देऊ नका, फक्त खुर्ची ठेवा. शंभरातला एखादा घेईल ती रजा. त्यातले बरेच परत येतील, शहाणे होऊन येतील, आणि जे नाही येणार ते खरंच नट असतील. तोवर आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचे कॉल लावू नका, तेही पुष्कळ झालं.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी हिंजवडीला आहे, कॉलेजात असताना फिरोदिया करंडक वगैरे स्पर्धा गाजवलेली, परवा घरी आली आणि म्हणाली काका, मी पेपर टाकते, म्हणजे राजीनामा देते. एका व्यावसायिक नाटकात दुसरी बाई करायला विचारलंय. मी तिला तीनच गोष्टी विचारल्या, नाईट किती, तालमीचे किती, आणि लेखी काय आहे. तिला राग आला, म्हणाली तुम्ही पण बाबांसारखंच बोलता. मी म्हटलं बाबा नाटकच करू नको म्हणतात, मी म्हणतोय कर, पण पैसे विचारून कर. निर्मात्याला तिने विचारलं, त्याने हसून विषय बदलला, मग दोन दिवसांनी स्वतःच फोन करून तालमीचे दिवसाला चारशे देतो म्हणाला, म्हणजे विचारलं की मिळतात कधीकधी. पेपर टाकायच्या ऐवजी तिने तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज केला. ऑनलाइन फॉर्ममध्ये कारणांची यादी होती, आजारपण, लग्न, बाळंतपण, उच्च शिक्षण, कुटुंबातली अडचण. तिने 'इतर' वर टिक केलं आणि खालच्या रकान्यात 'नाटक' लिहिलं. एचआरचा फोन आला, नक्की काय लिहायचं होतं तुम्हाला? रजा अजून मंजूर झालेली नाही, तालमी पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आहेत.